माध्यम कुणी ठरवायचे? मध्यस्थी केंद्रांना खुले पत्र

प्रति,
मध्यस्थी केंद्रांचे संचालक आणि नियमावली समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

पक्षकार आणि मध्यस्थ एका खोलीत न येता व्हिडिओवर किंवा फोनवर बोलून वाद मिटवतात, त्या दूरस्थ मध्यस्थीची नियमावली आपल्यापैकी अनेक संस्था सध्या नव्याने लिहीत आहेत. 2020 साली साथीमुळे दारे बंद झाली तेव्हा घाईघाईने काढलेल्या परिपत्रकांवर आजवर काम निभावले. आता त्यांच्या जागी कायमचे नियम येतील आणि एकदा छापले गेले की ते पुढची बरीच वर्षे कुणी उघडून पाहणार नाही. म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे. मी मध्यस्थ आहे आणि समोरासमोर, व्हिडिओवर व फोनवर अशा तिन्ही प्रकारे काम करते. यांपैकी कोणत्याही एका प्रकाराची वकिली करण्याचा माझा हेतू नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मसुदे वाचताना दोन प्रकारचे नियम पुन्हा पुन्हा दिसतात. एका प्रकारात मध्यस्थी शक्यतो समोरासमोर व्हावी आणि दूरस्थ बैठकीला अपवाद म्हणून परवानगी द्यावी, असे म्हटलेले असते. दुसऱ्या प्रकारात ठराविक रकमेखालचे सगळे वाद सरसकट फोनवर किंवा व्हिडिओवर ढकललेले असतात. पहिल्या नियमामागे जुन्या पद्धतीबद्दलचा आदर आहे, दुसऱ्यामागे खर्चाचा हिशेब. पण दोन्हींत माध्यम ठरते ते फाइल उघडताना, ज्याने दोन्ही पक्षांचा आवाजही ऐकलेला नाही अशा व्यक्तीच्या टेबलावर. माझे म्हणणे असे की माध्यमाची निवड हा मध्यस्थीच्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे ती मध्यस्थाने दोन्ही पक्षांशी स्वतंत्रपणे बोलून करावी, आणि काम चालू असतानाही ती बदलता यावी.

समोरासमोर बसणे हेच मध्यस्थीचे मूळ रूप आणि बाकी सगळे त्याचे बदली कामगार, ही समजूत इतिहासाला धरून नाही. 1978 च्या सप्टेंबरात अमेरिकी अध्यक्षांच्या कॅम्प डेव्हिड या विश्रामस्थानी इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांच्या सुरुवातीच्या बैठका कडवट होत गेल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी दोघांना एकत्र बसवणे थांबवले आणि मसुदे घेऊन ते स्वतः दोन्ही बाजूंकडे आलटून पालटून जात राहिले. तेरा दिवसांच्या त्या मुक्कामात समेट घडला तो मुख्यतः दोघे एकमेकांच्या नजरेआड असताना. फोनवरचा मध्यस्थ एकाशी बोलतो, फोन ठेवतो, दुसऱ्याला लावतो, तेव्हा तो हीच येरझार पाय न हलवता करत असतो. पुढे 1999 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ईथन कॅट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावरील खरेदीदार-विक्रेत्यांच्या भांडणांसाठी एक प्रयोग केला. त्यात एका मध्यस्थाने दोनशेच्या आसपास तक्रारी केवळ ईमेलवरून हाताळल्या. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेच नव्हते, ज्यांचा व्यवहारच पडद्यावर झाला होता, त्यांना भांडणापुरते एका खोलीत आणण्यात काहीच अर्थ नव्हता.

सक्तीच्या दिशेचे उदाहरणही आपल्यासमोर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये लहान रकमांच्या दाव्यांसाठी न्यायालयाचीच मोफत मध्यस्थी सेवा आहे. तिची बैठक सुमारे तासाभराची, फोनवर होणारी असते आणि मध्यस्थ दोन्ही पक्षांशी वेगवेगळे बोलतो. पक्ष एकमेकांशी थेट बोलत नाहीत. 22 मे 2024 पासून दहा हजार पौंडांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यांत ही पायरी टप्प्याटप्प्याने सक्तीची करण्यात आली. थकलेल्या बिलासाठी किंवा नादुरुस्त निघालेल्या वस्तूसाठी ही रचना मला योग्य वाटते. पण त्याच रकमेचा वाद दोन भावांमध्ये असेल, किंवा ज्यांना उद्याही एकाच जिन्यावरून जायचे आहे अशा शेजाऱ्यांमध्ये असेल, तर ते एकमेकांशी बोलणारच नाहीत असा तास त्यांना देऊन आपण दावा मिटवू आणि भांडण तसेच ठेवू. रक्कम पाहून हा फरक कळत नाही.

आता फोनबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण नियमावल्यांत सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर होतो. व्हिडिओ जमला नाही तर फोन, असे त्याचे स्थान बहुतेक मसुद्यांत आहे. वास्तविक फोनवर काही गोष्टी व्हिडिओपेक्षा चांगल्या होतात. येल विद्यापीठातील मायकेल क्राउस यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की केवळ आवाज ऐकणाऱ्यांनी समोरच्याच्या भावना, आवाज आणि चेहरा दोन्ही मिळालेल्यांपेक्षा अधिक अचूक ओळखल्या. हे प्रयोग मध्यस्थीवर केलेले नव्हते आणि त्यांचा अर्थ वाजवीपेक्षा ताणू नये. पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. चेहरा सांभाळायला माणसे लहानपणापासून शिकलेली असतात, आवाज सांभाळायला तितकी नाही. शिवाय फोनवर बोलणाऱ्याला आपण कसे दिसतो याची चिंता नसते. त्याला खोलीत फेऱ्या मारता येतात, डोळे पुसता येतात, आणि ज्या माणसाकडे पाहिले की संताप येतो त्याच्याकडे पाहावे लागत नाही.

फोनचे दोषही तितकेच ठोस आहेत आणि ते मध्यस्थाला ठाऊक असले पाहिजेत. जुन्या टेलिफोन यंत्रणेत साधारण 300 ते 3400 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपने, एवढाच पट्टा पोहोचतो. मानवी आवाजातली वरची कंपने त्याच्या बाहेर राहतात आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांतला फरक पुसट होतो. वाक्याच्या ओघात ते खपून जाते, रकमा आणि नावे यांच्या बाबतीत खपत नाही. म्हणून फोनवर ठरलेला प्रत्येक आकडा मध्यस्थाने एकेक अंक सुटा करून परत म्हणावा आणि बैठक चालू असतानाच लेखी संदेशाने दोघांना पाठवावा, असा नियम हवा. दुसरा दोष विलंबाचा. संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे 200 मिलिसेकंदांचे अंतर असते, असे वेगवेगळ्या भाषांतील संभाषणांच्या 2009 सालच्या तुलनेत आढळले होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक वापरांसाठी चालण्याजोगा मानला आहे. पण प्रश्न जायला तेवढा वेळ आणि उत्तर यायला तेवढाच, असा हिशेब मांडला की तांत्रिकदृष्ट्या चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या जोडणीवरही संभाषणाच्या नैसर्गिक अंतरापेक्षा अधिक काळ शांतता पडू शकते. समोरच्याचा तत्काळ दिलेला होकार मग चाचरत दिल्यासारखा ऐकू येतो. दोघे एकाच वेळी बोलू लागतात, दोघेही थांबतात, आणि आधीच संशयाने भरलेल्या माणसाला वाटते की हा मला मुद्दाम तोडतो आहे. हा दोष माणसाचा नसून तारेचा आहे, हे मध्यस्थाने बैठकीच्या सुरुवातीलाच सांगायला हवे; एकदा गैरसमज झाल्यावर ते सांगून फारसा उपयोग होत नाही.

आणि मौन. खोलीत मध्यस्थ गप्प बसला तर तो विचार करतो आहे किंवा वाट पाहतो आहे, हे दिसते. फोनवर तेच मौन कॉल तुटल्यासारखे वाटते आणि माणूस हॅलो, हॅलो करू लागतो. मध्यस्थीत काही वेळा मौनातूनच काम होते, म्हणून फोनवर ते आधी जाहीर करावे लागते: मी आता थोडा वेळ काही बोलणार नाही, तुम्हीही विचार करा. ऐकायला हे बारीक वाटेल, पण फोनवरची मध्यस्थी अशाच बारीक सवयींवर उभी असते आणि त्या सवयी समोरासमोरच्या प्रशिक्षणात शिकवल्या जात नाहीत. खोलीतला कुशल मध्यस्थ फोनवर आपोआप कुशल ठरतो हे गृहीत धरून त्याच्याकडे फाइल सोपवणे थांबवावे, ही माझी आपल्या प्रशिक्षण विभागांना विनंती आहे.

व्हिडिओची गोष्ट निराळी. तो खोलीच्या जवळ जातो असे वाटते आणि त्यामुळेच फसवतो. पडद्यावर समोरच्याच्या डोळ्यांत पाहिले तर कॅमेऱ्यात पाहिले जात नाही आणि कॅमेऱ्यात पाहिले तर समोरचा दिसत नाही. तेव्हा नजर चुकवतो म्हणजे खोटे बोलतो, हा नेहमीचा ठोकताळा इथे पूर्णपणे गैरलागू ठरतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलनसन यांनी 2021 साली व्हिडिओ बैठकींच्या थकव्याची चार संभाव्य कारणे मांडली: फार जवळून सतत रोखलेली नजर, हावभाव पाठवण्या-वाचण्याचा वाढलेला बौद्धिक भार, स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसणे आणि एका जागी अडकून पडणे. मध्यस्थीत यांतले तिसरे कारण मला सर्वांत घातक वाटते. संतापलेल्या माणसाला तासन्‌तास स्वतःचा संतापलेला चेहरा पाहायला लावणे कुठल्याही समेटाला पोषक नाही. स्वतःचे चित्र लपवण्याची सोय जवळजवळ प्रत्येक ॲपमध्ये असते, ती कशी वापरायची हे बैठकीआधी दाखवायला एक मिनिट पुरते, तरीही ते कुणी दाखवत नाही.

व्हिडिओच्या बाबतीत एका नियमाचा मी आग्रहच धरीन: एक पक्ष कोणत्याही कारणाने फक्त आवाजावर आला तर दोन्ही पक्ष आवाजावर यावेत. एकाला चेहरा दिसतो आणि दुसऱ्याला नाही, एकाच्या मागे प्रशस्त खोली दिसते आणि दुसऱ्याच्या जागी काळा चौकोन, अशा बैठकीत मध्यस्थाची नजर आणि सहानुभूती नकळत दिसणाऱ्याकडे झुकते. एका बाजूला वकील, अधिकारी आणि सल्लागार मिळून चार चौकोन आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस मोबाइलच्या छोट्या पडद्यावर, ही विषमताही तशीच. त्या एकट्या माणसाला चौघांचे चेहरे नखाएवढे दिसतात आणि दस्तऐवज तर वाचताच येत नाही. अशा वेळी नियमावलीने मध्यस्थाला, बोलणार नाहीत त्यांनी कॅमेरा बंद ठेवावा, असे सांगण्याचा स्पष्ट अधिकार द्यावा. हा सभ्यतेचा मुद्दा नाही, बरोबरीचा आहे.

एकेका पक्षाशी स्वतंत्र बैठकीसाठी ब्रेकआउट रूम, म्हणजे व्हिडिओ ॲपमधल्या वेगळ्या आभासी खोल्या, वापरल्या जातात, त्यांबद्दलही दोन शब्द. मध्यस्थ एका पक्षाशी बोलत असतो तेव्हा दुसरा पक्ष रिकाम्या पडद्यासमोर बसलेला असतो आणि त्याला बाहेर काय चालले आहे याचा काहीच अंदाज येत नाही. खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्याला निदान दाराआडचा आवाज, येणारे-जाणारे लोक दिसतात. म्हणून किती वेळ लागेल ते सांगून जाणे, तेवढ्या वेळात परत येणे, आणि उशीर होणार असेल तर तेही येऊन सांगणे हे बंधनकारक असावे. याउलट, व्हिडिओवर एक गोष्ट खोलीपेक्षाही चांगली होते: तडजोडीचा मसुदा पडद्यावर सर्वांसमोर ठेवून एकेक वाक्य लिहिणे. दोन्ही पक्ष एकमेकांकडे न पाहता एकाच मजकुराकडे पाहतात, शब्द बदलला की तो बदललेला दोघांना एकाच क्षणी दिसतो, आणि कुणी काय घातले यावरून पुढे वाद राहत नाही. फोनवर सुरू झालेली मध्यस्थी या टप्प्यावर व्हिडिओकडे वळवावी असे मला अनेकदा वाटते, पण फाइलवर माध्यमाच्या रकान्यात फोन लिहिले आहे म्हणून ती वळवता येत नाही.

यापुढचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जिथे एक पक्ष दुसऱ्याला घाबरतो, तिथे दूरस्थ बैठक संरक्षण ठरते की सापळा? महिलांवरील हिंसाचाराविषयीच्या 2011 च्या इस्तंबूल कराराचे कलम 48 हिंसेच्या प्रकरणांत मध्यस्थी किंवा सामोपचार सक्तीचा करण्यास मनाई करायला सांगते, आणि कोणत्याही माध्यमाच्या नियमावलीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण प्रत्येक दडपण हिंसा म्हणून नोंदवलेले नसते. घाबरलेल्या व्यक्तीला दुसऱ्या शहरातून, आपले ठिकाण न कळवता बोलता येणे ही मोठीच सोय आहे. मात्र दोघे अजून एकाच घरात राहत असतील, किंवा घरातले इतर लोक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर उभे राहून ऐकत असतील, तर घर ही बोलण्यासाठी सर्वांत वाईट जागा ठरते आणि पडद्यावर दिसणारा होकार कुणाचा आहे हे मध्यस्थाला कळत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश या प्रकरणात दोन विरुद्ध एक मताने या अडचणीला हात घातला. बहुमताचा कल असा की वैवाहिक वादांत समेटाचे प्रयत्न चालू असताना व्हिडिओ कॉन्फरन्स नको. ते प्रयत्न फसल्यावर दोन्ही पक्षांची संमती असेल तर कुटुंब न्यायालयाने तिची परवानगी द्यायची की नाही ते ठरवावे. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे भिन्न मत होते की कायदा लिहिला गेला तेव्हा नसलेले तंत्रज्ञान आज न्यायापर्यंत पोहोचण्याचे साधन आहे आणि त्याचे दार आधीच बंद करू नये. गोपनीयतेची आणि दोघांनी प्रत्यक्ष एकत्र येण्याची बहुमताला वाटलेली काळजी मला खरी वाटते, तरीही माझे मत अल्पमताच्या बाजूचे आहे. कारण प्रवासाचा खर्च आणि समोर येण्याची भीती यांमुळे जी व्यक्ती खोलीत येऊच शकत नाही, तिच्या दृष्टीने समोरासमोरचा आग्रह म्हणजे मध्यस्थी नाकारणेच होय.

या सापळ्यावर मला ठाऊक असलेला एकच व्यवहार्य उपाय म्हणजे पहिल्या बैठकीआधी प्रत्येक पक्षाशी मध्यस्थाने केलेले स्वतंत्र पूर्वसंभाषण. त्यात तंत्राची चाचणी होतेच, पण मुख्य काम वेगळे असते. तुम्ही आत्ता एकटे आहात का? दार बंद करता येते का? बैठकीच्या वेळी घरात कोण असेल? समोरच्या व्यक्तीचा आवाज ऐकून बोलता येईल का, की चेहरा न दिसलेला बरा? मध्येच थांबावेसे वाटले तर कोणता साधा शब्द उच्चारायचा, म्हणजे मी कारण न विचारता विश्रांती जाहीर करीन? या प्रश्नांची उत्तरे नोंदणीच्या अर्जावर मिळत नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तर अनेकदा हो किंवा नाही एवढेच मिळते, आणि ते कोणत्या सुरात मिळते यावरून पुढचे ठरवावे लागते. ज्या पक्षाला घरी मोकळेपणाने बोलता येणार नाही किंवा ज्याच्याकडे चांगली जोडणी आणि मोठा पडदा नाही, त्याला जवळच्या एखाद्या केंद्रातली खोली आणि संगणक विनामूल्य वापरता यावा; केंद्रांनी आपसांत अशी देवघेव केली तर दूरस्थ मध्यस्थी ही केवळ साधने असलेल्यांची सोय राहणार नाही.

गोपनीयतेबद्दल मसुद्यांत पानेच्या पाने असतात, पण ती बहुतेक सर्व्हर आणि पासवर्ड यांच्याविषयी. खरा धोका त्याहून जवळचा आहे. पक्षाच्या हातातल्या दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू असेल तर कोणतेही सुरक्षित ॲप त्याला अडवू शकत नाही. भारताच्या 2023 च्या मध्यस्थी कायद्यात या बाबतीत स्पष्टता आहे: ऑनलाइन मध्यस्थीला पक्षांची लेखी संमती लागते, आणि बैठक समोरासमोर असो वा ऑनलाइन, पक्ष, मध्यस्थ आणि मध्यस्थी सेवा देणारी संस्था यांपैकी कुणालाही तिचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रमुद्रण करता येत नाही. या मनाईत संस्थेचाही समावेश आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. गुणवत्ता तपासणीसाठी बैठका साठवून ठेवण्याचा मोह संस्थांना होतो. याच्याही पुढचा, अगदी अलीकडचा धोका म्हणजे बैठकीत आपोआप हजर होऊन टिपणे काढणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक. वकिलाच्या कार्यालयाने ती सोय सर्व बैठकांसाठी कायमची चालू केलेली असते आणि त्याला स्वतःलाही ते आठवत नाही. मग प्रस्ताव, कबुल्या, एखाद्याचे रडू, हे सगळे लिखित स्वरूपात तिसऱ्याच कंपनीकडे जाऊन पडते. रेकॉर्डिंगला मनाई, एवढे म्हणून हे अडत नाही, कारण हे रेकॉर्डिंग नाही, नुसती टिपणे आहेत, असा युक्तिवाद होतोच. आपोआप होणारे शब्दांकन, सारांश आणि उपशीर्षके यांचा नियमात वेगळा उल्लेख करावा. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीला उपशीर्षकांची गरज असेल तर ती दोन्ही पक्षांच्या माहितीने, साठवण बंद ठेवून वापरता यावीत.

संमतीबाबत एक सावधगिरी. युरोपीय महासंघाने 2016 साली ऑनलाइन खरेदीच्या तक्रारींसाठी एक मोठे सामाईक संकेतस्थळ सुरू केले. ते स्वतः मध्यस्थी करत नव्हते, तक्रार योग्य संस्थेकडे पोहोचवत होते. बहुसंख्य तक्रारी व्यापाऱ्यांनी प्रतिसादच न दिल्याने आपोआप बंद होत राहिल्या आणि अखेर 20 जुलै 2025 रोजी ते बंद करण्यात आले. उत्तम यंत्रणा उभारली तरी पलीकडच्या माणसाला बोलावून आणणारे कुणी नसेल तर काही घडत नाही, हे तिथे दिसले. लिंक पाठवणे म्हणजे निमंत्रण देणे नव्हे. दुसऱ्या पक्षाला कुणीतरी माणसाने फोन करून, ही प्रक्रिया काय आहे, ती सोडून जाता येते का, आणि इथे बोललेले न्यायालयात वापरले जाते का, हे समजावून सांगावे लागते.

करारनाम्याविषयी थोडक्यात. आंतरराष्ट्रीय व्यापारी वादांतील तडजोडींना लागू होणारा सिंगापूर करार 7 ऑगस्ट 2019 रोजी 46 देशांनी स्वाक्षरी करून पुढे आणला आणि 12 सप्टेंबर 2020 पासून तो अमलात आहे. नंतर पाहता येईल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद त्याला लेखी म्हणून चालते. पण त्याच करारात असेही आहे की मध्यस्थाने लागू असलेल्या मानकांचा गंभीर भंग केला आणि तो झाला नसता तर पक्षाने तडजोड केली नसती, तर तिची अंमलबजावणी नाकारता येते. म्हणजे आपण लिहीत असलेले दूरस्थ मध्यस्थीचे नियम हे नुसते कार्यालयीन सूचनापत्र राहत नाहीत. त्यांवरून उद्या एखादी तडजोड मोडूही शकते. ते पाळता येतील एवढेच लिहावे, आणि लिहिलेले पाळावे. स्वाक्षरीच्या वेळेबाबत माझे मत असे की फोनवर झालेली तडजोड त्याच कॉलमध्ये सही करून घेण्याची घाई करू नये. खोलीत माणूस सही करण्याआधी कागद हातात धरतो, मागची पाने उलटतो, सोबतच्याकडे पाहतो. पडद्यावरचे बटण एका बोटाने दाबले जाते. मसुदा पाठवावा, काही तासांची निश्चित मुदत द्यावी आणि ठरलेल्या वेळी सर्वांनी पुन्हा जोडून घेऊन सही करावी. मुदत मोकळी सोडली तर मात्र तडजोड विरून जाते, हेही तितकेच खरे.

शेवटची बाब पैशाची आहे आणि तिच्याशिवाय वरचे सगळे कागदावर राहील. बहुतेक केंद्रांत मानधन बैठकीच्या तासांवर मोजले जाते आणि पूर्वसंभाषणाला बैठक मानले जात नाही. साहजिकच ते गाळले जाते किंवा कार्यालयातला कुणीतरी फोन करून आवाज येतो का एवढे विचारतो. दोन्ही पक्षांशी मध्यस्थाने स्वतः केलेले पूर्वसंभाषण आणि माध्यम बदलण्यासाठी लागलेला वेळ मानधनात धरावा, त्या संभाषणाअंती निवडलेले माध्यम व ते निवडण्याचे कारण मध्यस्थाने एका ओळीत नोंदवावे, त्या नोंदीत पक्षाने सांगितलेली खाजगी माहिती येऊ नये, आणि नोंदणीच्या अर्जावरील माध्यमाचा रकाना काढून टाकावा, अशी माझी नियमावली समित्यांना विनंती आहे. मसुद्यांवर मध्यस्थांचे अभिप्राय मागवणार असाल तर या चार दुरुस्त्यांची नेमकी शब्दरचना पाठवायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक मध्यस्थ